पुण्याहून बंगळूरला घर हलवताना: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

पुणे ते बंगळूर अंतर साधारण 840 किलोमीटर. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा राष्ट्रीय महामार्ग 48 धरून निघालेला ट्रक कुठे अडला नाही तर दोन दिवसांत पोचतो. तरीही या वाटेने घर हलवणाऱ्यांच्या तक्रारी ऐका, त्याच त्या असतात. मिक्सरची भांडी आली, मिक्सर आला नाही. पलंगाचे स्क्रू हरवले. ट्रक आठवडाभर बेपत्ता. दारात आल्यावर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त मागितले.

मोठे अपघात क्वचित होतात. बहुतेक नुकसान होतं ते सामान एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: बोलणी करणाऱ्याकडून बांधणाऱ्या पोरांकडे, त्यांच्याकडून ड्रायव्हरकडे, मोठ्या ट्रकमधून छोट्या टेम्पोत. हे सांधे जितके कमी आणि प्रत्येक सांध्यावर जितकं लिखित, तितका तुमचा त्रास कमी. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलंय.

1. काय न्यायचं ते आधी ठरवा

निदान महिना-दीड महिना हातात ठेवा. पहिलं काम म्हणजे घरभर फिरून प्रत्येक मोठ्या वस्तूचा निकाल लावणं: न्यायची, विकायची, द्यायची, की गावी पाठवायची. बंगळूरमधल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं आणि ओट्याखालची मांडणी तयार असते. तिथल्या घराचे फोटो आणि खोल्यांची मापं मागवून घ्या, मगच इथलं कपाट ट्रकमध्ये चढवायचं की नाही ते ठरेल. प्लायवूड किंवा एमडीएफचं स्वस्त फर्निचर एकदा खोललं की पुन्हा तसं बसत नाही, भोकं सैल होतात. ते विकलेलंच बरं. सागवानी पलंग आणि लोखंडी कपाट मात्र प्रवास छान सोसतात.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या वस्तूंचा निर्णय त्यांच्याशिवाय घेऊ नका. पाटा-वरवंटा किंवा जुनी लाकडी पेटी न्यायला लागणारी जागा थोडी असते. ती मागे टाकल्याचं दुःख मात्र वर्षभर घरात राहतं.

तारीख ठरवताना महिन्याचा शेवट आणि मे महिना शक्यतो टाळा. सगळ्यांची घरं तेव्हाच बदलतात, मजूर कमी पडतात आणि भाव चढतात. पितृपक्षात बरेच जण घर हलवत नाहीत. तुम्हाला अडचण नसेल तर त्या पंधरवड्यात भावात घासाघीस करता येते. जून ते सप्टेंबरमध्ये निघणार असाल तर ताडपत्री टाकलेला उघडा ट्रक घेऊ नका, बंद बॉडीचाच मागा. खंबाटकीपासून बेळगावच्या पुढपर्यंत पाऊस कुठेही गाठू शकतो, आणि ओली गादी वाळवणं म्हणजे शिक्षा.

मुलांच्या शाळेचा दाखला आधी मार्गी लावा. दुसऱ्या राज्यात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी अनेक शाळा मागतात. नव्या शाळेला हे आत्ताच विचारा, नाहीतर त्या एका सहीसाठी पुण्याला परत यावं लागेल.

2. पॅकर्स निवडताना

या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

तुम्ही इंटरनेटवर एकदा नंबर टाकला की तासाभरात पंधरा फोन येतात. फोन करणाऱ्यांपैकी अनेकांकडे ट्रकही नसतो आणि माणसंही नसतात. ते काम घेतात, आपला वाटा ठेवतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. दुसरा तिसऱ्याला. हा पहिला सांधा, आणि तो तुम्हाला दिसतच नाही. म्हणून थेट विचारा: गाडी तुमची की भाड्याची? बांधायला येणारी माणसं कोणाची? बंगळूरमध्ये उतरवणारी कोणाची? उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या फोनकडे वळा.

मोठ्या, जाहिरातीतल्या कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेणारे पुष्कळ आहेत. नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं, बोधचिन्हही तसंच. त्यावर सोपा उपाय आहे. जीएसटी क्रमांक मागा. तो 15 अंक-अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात 27 ने होते, कर्नाटकातल्या 29 ने. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, पत्ता काय, ती चालू आहे की रद्द झालीय, सगळं दिसतं. कोटेशनवरचं नाव, जीएसटीवरचं नाव आणि ज्या खात्यावर पैसे मागितलेत त्या खात्याचं नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. पैसे कोणा व्यक्तीच्या मोबाइल नंबरवर मागितले तर देऊ नका. जमलं तर त्यांच्या ऑफिसात जाऊन या. रविवारची एक चक्कर वाया जाईल, पण खात्री होईल.

फोनवर दिलेला भाव धरून चालू नका. माणूस घरी येऊन सामान बघून जाऊ दे, किंवा निदान व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे कप्पे दाखवा. भाव ठरतो तो सामानाने ट्रकची किती जागा व्यापली यावर. दोन बेडरूमच्या घराला साधारण 14 ते 17 फुटी गाडी लागते. जो न बघता इतरांच्या अर्ध्या भावात तयार होतो, तो उरलेले पैसे सामान चढल्यावर मागणार हे धरून चाला.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात या गोष्टी नाव घेऊन लिहून घ्या: बांधणी, चढवण्या-उतरवण्याची हमाली, दोन्हीकडचे मजले आणि लिफ्ट आहे की नाही, टोल, जीएसटी, बंगळूरमध्ये छोटी गाडी लागली तर तिचं भाडं, पलंग-कपाट पुन्हा जोडून देणं, आणि पोचवण्याची शेवटची तारीख. 'सगळं त्यात आलं साहेब' हे वाक्य उतरवण्याच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

टोकन म्हणून थोडी रक्कम, सामान चढल्यावर मोठा हिस्सा आणि उतरवून झाल्यावर उरलेली रक्कम, अशी बोलणी करा. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला सामान देऊ नका.

3. पूर्ण ट्रक की पार्ट लोड

पूर्ण ट्रकमध्ये फक्त तुमचं सामान असतं. पार्ट लोडमध्ये तीन-चार घरांचं सामान एकत्र जातं. ते आधी एखाद्या गोदामात उतरतं, तिथे थांबतं, दुसऱ्या ट्रकमध्ये चढतं, बंगळूरच्या बाहेरच्या गोदामात पुन्हा उतरतं आणि मग छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, तुमच्या दारात येतो. म्हणजे तेच खोकं इतक्या वेळा उचललं-टाकलं जातं. हरवाहरव आणि तुटफूट पार्ट लोडमध्ये जास्त होते ती याचमुळे, आणि उशीरही.

कुटुंब आणि दोन-तीन खोल्यांचं सामान असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण ट्रक घ्या. वाचवायचे असतील तर पैसे सामान कमी करून वाचवा. एकटी व्यक्ती, आठ-दहा खोकी आणि एक गादी असेल तर पार्ट लोड ठीक. तेव्हा प्रत्येक खोक्यावर नाव आणि नंबर ठळक हवा.

पूर्ण ट्रक घेतला तरी एक गोष्ट विचारून ठेवा. बंगळूर शहरात मोठ्या मालवाहू गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते आणि गल्ल्याही अरुंद. मोठी गाडी सोसायटीपर्यंत जाणार की नाही, रात्री येणार की पहाटे, हे आधी कळलं म्हणजे तिथल्या सोसायटीशी बोलता येतं. तिथल्या अपार्टमेंट असोसिएशन सामान आत आणायला आधी परवानगी मागतात. काही ठिकाणी त्याचे पैसे घेतात, रविवारी किंवा संध्याकाळी उशिरा सामानाची लिफ्ट देत नाहीत. ट्रक गेटवर उभा आणि सुरक्षारक्षक आत सोडत नाही, ही वेळ घरमालकाला केलेल्या एका फोनने टळते.

4. विमा

कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स 3 टक्के' असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा हा विमा नसतोच; पॅकर्सने स्वतःच घेतलेली रक्कम असते आणि नुकसान झालं की टाळाटाळ. खरा विमा विमा कंपनीच देते. तुमच्या नावाचं, ट्रक नंबरचं आणि सामानाच्या किमतीचं प्रमाणपत्र सामान निघण्याआधी हातात यायला हवं.

ते आलं की कोणतं कलम आहे ते बघा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ए, बी, सी असे प्रकार असतात. ए मध्ये जवळपास सगळी जोखीम येते. बी मध्ये आग, अपघात, गाडी उलटणं अशी नाव घेऊन सांगितलेलीच कारणं. सी त्याहून तोकडा. नुसता फुटलेला टीव्ही बी मध्ये बसत नाही. विद्युत उपकरण वरून धड आहे पण चालत नाही, याची भरपाई साधारणपणे मिळत नाही. म्हणून फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन चालू असल्याचा छोटा व्हिडिओ निघण्याच्या आदल्या दिवशी काढून ठेवा.

5. बांधाबांध

एक वही करा. मोबाइलवरची नोंद चालेल, पण कागदी वही घरातल्या सगळ्यांना वापरता येते. प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि तो खोक्याच्या वर आणि दोन बाजूंना मार्करने लिहा. आत काय आहे ते फक्त वहीत. खोक्यावर 'चांदीची भांडी' किंवा 'कॅमेरा' लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं. खोलीचं नाव मात्र खोक्यावर लिहा, उतरवताना उपयोगी पडतं.

पॅकर्सची पोरं झपाझप बांधतात, कारण त्यांना त्याच दिवशी दुसरं घर असतं. स्वयंपाकघर आणि काचेच्या वस्तू आदल्या दिवशी स्वतः बांधा. ताटल्या एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. त्या कागदात गुंडाळून खोक्यात उभ्या लावा. स्टीलचे मोठे डबे रिकामे न्यायचे कशाला, त्यात टॉवेल आणि चादरी भरा. मिक्सर आणि त्याची सगळी भांडी, कुकर आणि त्याची शिट्टी, अशा जोड्या एकाच खोक्यात जाऊ द्या. पुस्तकं लहान खोक्यांत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलताना तळ फाटतोच. लोणच्याची बरणी कितीही घट्ट बांधली तरी तेल सुटतं आणि शेजारच्या खोक्यातल्या साड्यांपर्यंत जातं. बरण्या स्वतःच्या गाडीत घ्या, नाहीतर शेजाऱ्यांना देऊन टाका.

पलंग खोलला की त्याचे स्क्रू आणि पट्ट्या एका पिशवीत घालून ती पलंगाच्याच फळीला चिकटपट्टीने बांधा. टीव्हीच्या मागच्या वायरी काढण्याआधी फोटो घ्या.

उपकरणांचं थोडं वेगळं आहे. फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा आणि उभाच न्यायला सांगा. पोचल्यावर काही तास तसाच ठेवा आणि मग सुरू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने लावायचे ट्रान्झिट बोल्ट येतात. मशीन घेतलं तेव्हा काढलेले ते बोल्ट शोधा. ते न लावता नेलं तर आतला ड्रम हिंदकळून मशीन निकामी होऊ शकतं. हरवले असतील तर कंपनीच्या सेवा केंद्रात मिळतात का पाहा. एसी काढताना मेकॅनिकला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा करून मग पाइप सोडायला सांगा, नाहीतर बंगळूरला नव्याने गॅस भरावा लागतो. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच जायला हवी, आडवी झाली की ॲसिड सांडतं. जुनी झाली असेल तर पुण्यातच मोडीत द्या.

ट्रकमध्ये ठेवायच्याच नाहीत अशा वस्तू: दागिने, रोख, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, हार्ड डिस्क, औषधं आणि देव. देवघराचा लाकडी देव्हारा जाऊ दे, टाक आणि मूर्ती आपल्या हातातल्या पिशवीत. शिवाय दोन दिवसांचे कपडे, चटया, एक पातेलं, चहा-साखर, चार्जर आणि मुलांच्या वह्या. ट्रकला उशीर होऊ शकतो असं धरूनच ही पिशवी भरा.

6. गॅस आणि गाडी

भरलेला सिलिंडर सामानात ठेवू नका. तो धोकादायक आहे आणि कोणताही जबाबदार वाहतूकदार नेत नाही. वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, मागून घ्या. बंगळूरला ते दाखवून कनेक्शन मिळतं, अनामत मात्र तिथल्या तेव्हाच्या दराने भरावी लागते. शेगडी आपलीच, ती न्या.

दुचाकी ट्रकमध्ये घालता येते किंवा रेल्वेने पार्सल करता येते. रेल्वेला आरसीची प्रत, ओळखपत्र आणि पेट्रोलची पूर्ण रिकामी टाकी लागते. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, त्याचा फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही ना-हरकत पत्र आधी. कर्नाटकात रस्ता कर भरला की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. नोकरी वर्षभराच्या आत पुन्हा बदलणार असेल तर या भानगडीत पडू नका.

7. ट्रक भरण्याचा दिवस

स्वयंपाक त्या दिवशी नको. लहान मुलांना शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवा. मोठ्यांपैकी एकाने घरात थांबायचं आणि एकाने ट्रकपाशी. ट्रकपाशी उभं राहणाऱ्याच्या हातात वही. नंबर चढला की खूण. आजोबांना खुर्ची टाकून हे काम दिलं तर ते सगळ्यांत चोख होतं.

ड्रायव्हरचा फोन नंबर, ट्रकचा नंबर आणि ट्रकचा फोटो घ्या. ताळं लावलेल्या दाराचाही. मग बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती, मागा. सामान ताब्यात घेतल्याचा खरा पुरावा हीच असते. त्यावर नगांची संख्या, सामानाची किंमत, ठरलेलं भाडं, कुठून-कुठे आणि तारीख हवी. किंमत लिहिण्याचा आळस करू नका. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांत, जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरली जाते. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलेलं असतंच. त्याने घाबरू नका, निष्काळजीपणाची जबाबदारी त्या दोन शब्दांनी संपत नाही.

8. वाटेत पैसे मागितले तर

सामान निघाल्यावर फोन येतो: 'नाक्यावर गाडी पकडली, ई-वे बिल नाही, 15 हजार पाठवा.' ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही, नियमांतच सूट आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून राज्याच्या सीमेवरचा प्रवेशकरही राहिलेला नाही. ट्रकच्या कागदपत्रांचा दंड असेल तर तो ट्रकमालकाचा. हे शांतपणे सांगा, संभाषण लेखी संदेशांवर आणा आणि दंडाची पावती मागा. बहुतेक वेळा पावतीचं नाव काढलं की विषय मिटतो. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. सामान अडवून ठेवलं तर कोटेशन, बिल्टी आणि संदेश घेऊन पोलिसांत लेखी तक्रार द्या.

या काळात घरात चिडचिड होतेच. रिकाम्या फ्लॅटमध्ये चटईवर बसून ट्रकची वाट बघताना नवरा-बायको एकमेकांवर घसरतात, मुलं रडकुंडीला येतात. फोन करण्याचं काम एकानेच करा आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन बाहेर पडा. ड्रायव्हरला दर तासाला दोघांनी फोन करून ट्रक लवकर येत नाही.

9. उतरवताना

ट्रकचं ताळं तुमच्या समोर उघडू द्या आणि आधी फोटो घ्या. पुन्हा तीच वही, पुन्हा तीच खूण. 'सामान व्यवस्थित मिळालं' या छापील ओळीखाली सही मागतील. सगळी खोकी उघडून बघणं त्या वेळी शक्य नसतं, म्हणून सहीवर हाताने लिहा: 'खोकी उघडून पाहिलेली नाहीत.' नग कमी असेल किंवा काही तुटलेलं दिसलं तर तेही तिथेच लिहा, ड्रायव्हरची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. पलंग जोडून झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पुढच्या दोन-तीन दिवसांत सगळी खोकी उघडा. नुकसान सापडलं तर फोटोसह ईमेल आणि नोंदणीकृत पत्र पाठवा. कायद्यानुसार वाहतूकदाराला लेखी नोटीस सामान बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, पण इतके दिवस थांबायचं काहीच कारण नाही. विमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत तुटलेली वस्तू टाकू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे बंगळूरचे रहिवासी झालात की त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. अर्ज ऑनलाइनही होतो.

10. मागे राहिलेली कामं

पुण्याच्या घराचं शेवटचं मीटर रीडिंग फोटोसह घरमालकाला पाठवा आणि महावितरणचं बिल भरल्याची पावती जपा, अनामत परत मिळताना तीच लागते. बंगळूरमध्ये घराची अनामत पुण्यापेक्षा बरीच जास्त मागतात, जुन्या रिवाजात ती दहा महिन्यांच्या भाड्याइतकीही असायची. म्हणून आत शिरण्याआधी भिंती, नळ आणि फरशीचे तारीखवार फोटो काढा आणि रंगकामाचे किती कापणार ते करारात लिहून घ्या. करार हातात आला की आधारवरचा पत्ता बदला, मग बँक. मतदार यादीतलं नाव हलवण्यासाठी फॉर्म 8 भरा. फॉर्म 6 आता नव्या मतदारांसाठीच आहे.